पट्टी, हातोडी आणि तार

पियानोतून नाद उमटतो त्या क्षणी वादकाचे बोट आणि तार यांच्यात कोणताही यांत्रिक संबंध उरलेला नसतो. पट्टी दाबली की तिचे मागचे टोक वर जाते, त्यावर टेकलेली तरफांची रचना नमद्याने मढवलेल्या हातोडीला तारेकडे ढकलते आणि हातोडी तारेला भिडण्याच्या किंचित आधी ही रचना तिच्याखालून बाजूला सरकते. उरलेला एक-दोन मिलिमीटरचा प्रवास हातोडी मिळालेल्या वेगाच्या जोरावर, पूर्णपणे मोकळी राहून करते. कॅरमचा स्ट्रायकर बोटापासून सुटल्यावर त्याच्या गतीत फेरफार करणे जसे खेळाडूच्या हाती राहत नाही, तसेच येथे वादकाचे होते. त्याला तारेपर्यंत पोहोचवता येतो तो केवळ वेग, आणि हा वेग किती सूक्ष्मपणे ठरवता येईल हे पट्टी व हातोडी यांच्यामधल्या यंत्रणेवर, म्हणजे ॲक्शनवर, अवलंबून असते. पियानोची निगा म्हटली की तारा सुरात लावणे एवढेच बहुतेकांच्या मनात येते. परंतु तारा कितीही अचूक लावल्या, तरी ॲक्शनच्या भागांमधली अंतरे, वजने आणि घर्षण यांची जुळणी, जिला रेग्युलेशन म्हणतात, बिघडलेली असेल, तर तो पियानो हळुवार वादनात स्वर गाळतो, जलद वादनात अडखळतो आणि वादकाला आपल्याच हातांविषयी शंका घ्यायला लावतो.

हातोडीला ऐनवेळी सोडून देण्याची ही युक्ती फ्लोरेन्समध्ये मेदिची घराण्याच्या पदरी असलेल्या बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरी या वाद्यकारागिराची. इ. स. १७०० मधील दरबारी वाद्यांच्या यादीत त्याच्या नव्या वाद्याचे वर्णन आढळते, आणि स्किपिओने माफेई याने १७११ मध्ये आकृतीसह लिहिलेल्या लेखामुळे ही रचना इटलीबाहेर पोहोचली. जर्मनीत गॉटफ्रीड झिल्बरमान याने तशी वाद्ये घडवली, तेव्हा योहान सेबास्तियन बाख याने त्यांपैकी एक वाजवून पाहिले, नादाची प्रशंसा केली, पण वरच्या सप्तकांतला आवाज क्षीण आहे आणि पट्ट्या फार जड आहेत असा आक्षेप घेतला, अशी नोंद त्याचा शिष्य ॲग्रिकोला याने केली आहे. स्पर्श आणि नाद यांविषयीची तक्रार एकाच दमात केली जावी, ही गोष्ट या वाद्याच्या स्वभावाला धरूनच आहे. पुढे एरार घराण्याने १८२१ मध्ये दुहेरी सुटकेच्या यंत्रणेचे पेटंट घेतले. या यंत्रणेमुळे पट्टी पूर्ण वर येण्याआधीच तोच स्वर पुन्हा वाजवता येऊ लागला, आणि आजच्या ग्रँड पियानोची ॲक्शन त्याच तत्त्वावर चालते.

आजच्या ग्रँड पियानोत पट्टी सुमारे १० मिलिमीटर खाली जाते, तर हातोडी विश्रांतीच्या जागेपासून तारेपर्यंत साधारण ४५ मिलिमीटर अंतर कापते. म्हणजे बोटाच्या हालचालीचा विस्तार हातोडीपाशी साडेचार ते पाच पट होतो. पट्टीखालच्या किंवा तरफांखालच्या नमद्यात कागदाच्या जाडीएवढा फरक पडला, तरी तो हातोडीपाशी मोठा होऊन का प्रकटतो, याचे उत्तर या गुणोत्तरात आहे. वर्षानुवर्षांच्या वापराने हे नमदे दबतात, हातोड्या खाली बसतात, त्यांचे तारेपासूनचे अंतर वाढते आणि तेवढे अंतर भरून काढण्यास पट्टीची खोली अपुरी पडू लागते. हातोडी सुटल्यानंतरही पट्टी तळाला टेकेपर्यंत जी थोडीशी, साधारण एक मिलिमीटर किंवा त्याहून कमी, हालचाल शिल्लक राहायला हवी, ती अशा वेळी नाहीशी होते. जॅक हा हातोडीला ढकलणारा छोटा लाकडी भाग पूर्णपणे बाजूला सरकत नाही, आणि वादकाला पट्टी लगद्यात रुतल्यासारखी, निश्चित तळ नसलेली लागते.

या सर्व जुळण्यांत सर्वांत नाजूक जुळणी म्हणजे हातोडी तारेपासून किती अंतरावर सुटावी, ती. कारागीर तिला लेट-ऑफ म्हणतात. हे अंतर जास्त ठेवले, तर अगदी हळू दाबलेल्या पट्टीची हातोडी तारेपर्यंत पोहोचतच नाही आणि स्वर गळतो. त्या भीतीने वादक नकळत प्रत्येक स्वर थोडा जोराने वाजवू लागतो आणि वाद्याच्या आवाजाची सर्वांत कोमल पायरीच हरवते. उलट हे अंतर फार कमी ठेवले, तर कंप पावणारी तार हातोडीला पुन्हा लागते किंवा हातोडी तारेला चिकटून नादच दाबून टाकते. खर्जाच्या जाड तारा अधिक विस्ताराने हलतात, म्हणून तेथे अंतर थोडे मोकळे ठेवावे लागते. हातोडी सुटल्यानंतर किंचित खाली येते, आणि तारेवर आपटून परतताना बॅकचेक हा चामड्याने मढवलेला भाग तिला तारेपासून सुमारे १५ मिलिमीटरवर पकडतो. पट्टी थोडी वर येताच ही पकड सुटते आणि एक छोटी स्प्रिंग हातोडीला उचलून जॅकला तिच्याखाली परत जाऊ देते. स्प्रिंग ढिली असेल, तर एकाच स्वराची जलद पुनरावृत्ती फसते. फार ताठ असेल, तर हातोडी उसळते आणि तो धक्का बोटाला जाणवतो. घराघरांत दिसणाऱ्या उभ्या पियानोत ही दुहेरी सुटका सहसा नसते, त्यामुळे तेथे पट्टी बरीच वर आल्याशिवाय स्वर पुन्हा वाजत नाही. हा विद्यार्थ्याच्या बोटांचा दोष नव्हे.

यातली एकही जुळणी सुटी नाही. हातोडीचे अंतर बदलले की सुटल्यानंतरची हालचाल बदलते, पट्टीची खोली बदलली की बॅकचेकची पकड बदलते, आणि म्हणून जाणता कारागीर ठरलेल्या क्रमाने सर्व पट्ट्यांवरून एकदा फिरतो आणि मग पुन्हा मुळापासून तपासू लागतो. ८८ पट्ट्यांचे हे काम दिवसचे दिवस चालू शकते.

पट्टी जड की हलकी हा प्रश्नही वाटतो तितका सरळ नाही. डँपर, म्हणजे तारांचा नाद थांबवणारे नमद्याचे भाग, उचललेले ठेवून पट्टी सावकाश खाली नेण्यास साधारण ५० ग्रॅम वजन पुरावे, असा संकेत आहे. परंतु हे मोजमाप संथ हालचालीचे असते, आणि प्रत्यक्ष वादनात बोटाला झुंजावे लागते ते मुख्यतः जडत्वाशी. हातोडीच्या डोक्यावर वाढलेला एक ग्रॅम पट्टीच्या टोकाशी सुमारे पाच ग्रॅमांइतका जाणवतो. त्याची भरपाई म्हणून पट्टीत शिशाचे गोळे बसवले, तर काट्यावरचे वजन कमी दिसते खरे, पण हलवावे लागणारे एकूण वस्तुमान वाढल्यामुळे जलद वादनातला जडपणा तसाच राहतो किंवा वाढतोही. याशिवाय सांध्यांमधल्या पिना लोकरी कापडाच्या अस्तरात फिरतात, आणि मुंबई-गोव्यासारख्या किनारपट्टीच्या पावसाळी हवेत हे अस्तर ओलावा शोषून फुगते. मग पट्ट्या आळसावतात, दाबलेल्या खालीच राहतात. त्यावर तेल सोडण्याचा घरगुती उपाय मात्र कटाक्षाने टाळायला हवा, कारण तेलाने कापड आणि लाकूड दोन्ही खराब होतात.

नादाचा पोत ठरतो तो हातोडीच्या नमद्यात. आरंभी हातोड्यांना चामडे लावले जाई. पॅरिसच्या पाप या कारागिराने १८२६ मध्ये नमद्याचे पेटंट घेतले आणि पुढे तोच रूढ झाला. नमदा जितका अधिक दाबला जातो तितका तो कठीण होत जातो, आणि त्याच्या या गुणामुळे जोराने वाजवलेला स्वर हळू वाजवलेल्या स्वरापेक्षा केवळ मोठा न राहता अधिक उजळही होतो. कठीण हातोडी तारेपासून लवकर दूर होते आणि उंच उपस्वर जिवंत ठेवते, तर मऊ हातोडी अधिक काळ टेकून राहते आणि ते उपस्वर शोषून घेते. हा टेकण्याचा काळ खर्जात सेकंदाच्या सुमारे चार हजारांश, तर तारसप्तकांत एक हजारांशाहूनही कमी असतो. नमद्यात सुया टोचून तो सैल करणे, घासून त्याचा आकार नीट करणे किंवा पातळ लाखेसारख्या द्रावणाने तो कठीण करणे, या कामाला व्हॉइसिंग म्हणतात. एका स्वराच्या तिन्ही तारांना हातोडी एकाच क्षणी लागली नाही, तर सुयांनी काहीही साधत नाही, आणि म्हणून रेग्युलेशन आधी व व्हॉइसिंग नंतर, हा क्रम मोडता येत नाही.

मग बोटाच्या स्पर्शाच्या प्रकाराने नाद बदलतो का, या जुन्या वादाचे काय? बॉल्टिमोरच्या ओटो ऑर्टमान याने १९२५ च्या ग्रंथात प्रयोगांच्या आधारे दाखवले की नादाचा निर्णय हातोडीच्या वेगावर होतो. नंतरच्या मापनांनी त्यात एक महत्त्वाची भर घातली, ती म्हणजे वरून आपटलेल्या बोटाचा पट्टीवर होणारा टकटक आवाज तारेच्या नादाच्या किंचित आधी कानावर येतो आणि तो स्वराच्या अनुभवात मिसळतो. वादकाच्या अनुभवात तर ही सरमिसळ आणखी खोल असते. मंद आवाजाच्या पियानोवर अपेक्षित परिणाम साधण्यासाठी तो अधिक जोर लावतो आणि पट्ट्या जड असल्याची तक्रार करतो; केवळ हातोड्या उजळ करून दिल्या, तरी एक ग्रॅमही न बदलता तीच ॲक्शन त्याला हलकी वाटू लागते.

ही जुळणी वादकाच्या कलेशी किती जवळून बांधलेली असते, याचे ठळक उदाहरण कॅनडाचा पियानोवादक ग्लेन गूल्ड आणि त्याचा सी डी ३१८ क्रमांकाचा स्टाइनवे ग्रँड यांचे आहे. बाखच्या संगीतातली प्रत्येक ओळ सुटी आणि स्पष्ट ऐकू यावी म्हणून गूल्डला हलकी, उथळ, तात्काळ उत्तर देणारी ॲक्शन हवी होती, आणि दृष्टी अत्यंत अधू असलेला टोरंटोचा कारागीर व्हर्न एडक्विस्ट याने वर्षानुवर्षे तो पियानो त्या दिशेने जुळवत ठेवला. या आग्रहाची किंमतही ऐकू येते: १९६४ च्या ‘इन्व्हेन्शन्स’च्या ध्वनिमुद्रणात मधल्या सप्तकांत, विशेषतः संथ जागी, उचकीसारखा एक दोष उमटला आहे, आणि गूल्डने तो लपवला नाही, तबकडीसोबतच्या टिपणातच त्याचा उल्लेख करून त्याने ॲक्शनचा वेग राखणे पसंत केले. १९७१ मध्ये वाहतुकीत पडून त्या पियानोची लोखंडी चौकट तडकली. दुरुस्तीनंतर तो पुन्हा वाजू लागला, तारा सुरात लागत होत्या, पण गूल्डला जो स्पर्श हवा होता तो परतला नाही, आणि १९८१ चे ‘गोल्डबर्ग व्हेरिएशन्स’ त्याने यामाहावर ध्वनिमुद्रित केले.