चांद्याचा परकोट आणि भोवतालचे रान

नागपूरला उतरायचे, गाडी करून मोहर्ली, कोलारा किंवा नवेगाव गेट गाठायचे, जिप्सीतून सकाळची एक आणि दुपारची एक फेरी मारायची, वाघ दिसला की फोटो पाठवायचे आणि आल्या वाटेने परत. ताडोब्याला येणाऱ्या बहुतेकांची सहल अशीच आखलेली असते. या सहलीत चंद्रपूर शहर येतच नाही. आले तरी तेल भरायला किंवा एटीएम शोधायला. शहराची ओळख कोळसा, राख आणि मे महिन्यातला ४७-४८ अंशांचा पारा एवढीच उरली आहे. दुर्गापूरचे २९२० मेगावॅटचे औष्णिक वीज केंद्र आणि भोवतालच्या खाणी पाहता ही ओळख खोटी म्हणता येत नाही, पण ती फार अपुरी आहे. माझे म्हणणे असे की, ताडोबा पाहायचा असेल तर आधी चांदा, म्हणजेच चंद्रपूर, पाहावा. हे जंगल एका राज्याचा मुलूख होते आणि त्या राज्याची राजधानी अजून आपल्या तटाच्या आत नांदते आहे.

गोंड राजांच्या या राजधानीच्या स्थापनेची कथा चंद्रपुरात कुणीही सांगेल. पंधराव्या शतकात खांडक्या बल्लाळशाह बल्लारपूरहून राज्य करत होता. त्याच्या अंगभर गाठी आणि फोड होते. शिकारीला निघाला असताना त्याला तहान लागली. कोरड्या पडलेल्या झरपट नदीच्या पात्रात एका खळग्यात त्याला पाणी सापडले. त्या पाण्याने तोंड धुतले आणि त्या रात्री त्याला शांत झोप लागली. राणीने सकाळी पाहिले, तर जिथे पाणी लागले तिथली कातडी नितळ झाली होती. राणीने तो खळगा शोधायला लावला. गवत उपटल्यावर खडकात गाईच्या खुरांसारखे पाच ठसे निघाले, काठोकाठ भरलेले. तेच अंचलेश्वराचे स्थान. पुढे त्याच परिसरात कपाळावर पांढरा ठिपका असलेला ससा राजाच्या कुत्र्यामागे धावताना दिसला. ससा ज्या वाटेने धावला तिच्यावरून तटाची रेघ आखा, असे राणीने सांगितले.

कथा बाजूला ठेवली तरी जागेची निवड पाहून मन थक्क होते. पश्चिमेला इरई, पूर्वेला झरपट, दोन्ही पुढे दक्षिणेला एकत्र येतात. दोन नद्यांच्या बेचक्यात शहर बसवले आणि त्याभोवती सुमारे ११ किलोमीटरचा परकोट उभारला. तो काही पिढ्यांनी मिळून पुरा केला. त्याला चार दरवाजे आहेत: उत्तरेला जटपुरा, पूर्वेला अंचलेश्वर, दक्षिणेला पठाणपुरा, पश्चिमेला बिनबा. शिवाय चोर, विठोबा, हनुमान, मसण आणि बगड या पाच खिडक्या. खिडकी म्हणजे मोठ्या दरवाजाशिवाय ये-जा करण्याची लहान वाट. प्रेत नेण्याची वाट वेगळी, नदीवर जाण्याची वेगळी. शहराचा रोजचा व्यवहार या नावांतून वाचता येतो.

जटपुरा दरवाजातून आज दिवसभर रिक्षा, मोटारसायकली आणि शाळेच्या गाड्या चेंगराचेंगरी करत जातात. ही कोंडी कशी सोडवायची यावर शहरात वर्षानुवर्षे वाद चालू आहे. तिथे गाडी थांबवणे अवघड, म्हणून चालत जावे, भल्या पहाटे जावे आणि मान वर करून पाहावे. काळपट वालुकाश्मात गोंड राजांचे चिन्ह कोरले आहे: हत्तीवर झेप घेऊन त्याला दाबणारा सिंह. सिंहाची मान वळलेली, आयाळ वळ्यावळ्यांची, आणि हत्ती त्याच्या मानाने एवढा लहान की मोठ्या कुत्र्याएवढा वाटावा. ज्या राज्याच्या रानात हत्तींचा वावर होता, त्याने आपली ताकद या मापात सांगितली.

परकोट टिकला, पण सुखात टिकला नाही. १७५१ पर्यंत नागपूरकर भोसल्यांनी गोंडांचे राज्य संपवले. मे १८१८ मध्ये कर्नल ॲडम्सच्या इंग्रजी फौजेने तोफांनी तटाला खिंडार पाडले आणि किल्लेदार गंगासिंग लढताना पडला. त्यानंतरचे घाव गावातल्याच माणसांनी घातले. तटाला टेकून घरे झाली, बुरुजांवर झाडोरा माजला, कचऱ्याचे ढीग साचले. मार्च २०१७ मध्ये ‘इको-प्रो’ या चंद्रपूरच्या संस्थेच्या कार्यकर्त्यांनी विळे, कुऱ्हाडी आणि घमेली घेऊन रोज सकाळी तट साफ करायला सुरुवात केली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये पंतप्रधानांनी ‘मन की बात’मध्ये या कामाचा उल्लेख केला, तोवर दोनशे दिवस झाले होते, आणि त्यानंतरही काम थांबले नाही. आज तटावरून काही अंतर सलग चालता येते ते या श्रमामुळे. इंग्लंडमधल्या यॉर्क शहरात जुन्या तटावरून साडेतीन किलोमीटरची फेरी मारणे हा पाहुण्यांचा पहिला कार्यक्रम असतो. चांद्याचा तट त्याच्या तिप्पट आहे. त्यावरून एका बाजूला रामाळा तलाव दिसतो, दुसऱ्या बाजूला कौलारू घरांची दाटी. इतकी मोठी गोष्ट हाताशी असून आपण पाहुण्याला ती दाखवत नाही, याचे मला फार वाईट वाटते.

अंचलेश्वर दरवाजाजवळ गोंड राजांच्या समाध्या आहेत. त्यांत सर्वांत देखणी बीरशाहाची. दरबारातल्याच हिरामण नावाच्या माणसाने त्याचा खून केला. राणी हिराईने दत्तक मुलगा रामशाह लहान असताना अठराव्या शतकाच्या आरंभी राज्य सांभाळले, पतीची समाधी बांधली आणि महाकालीचे मंदिरही उभारले. इतिहासाच्या शालेय पुस्तकात तिला दोन ओळीही मिळत नाहीत, पण महाकालीच्या चैत्र यात्रेला नांदेड, परभणीपासून तेलंगणापर्यंतची माणसे येतात. झरपटात स्नान करून डोक्यावर परडी, हातात पोत घेऊन ती मंदिराकडे निघतात. नदीचे पाणी आता स्नानाच्या लायकीचे राहिलेले नाही. हे सगळे शहर जिच्या पाण्यावर उभे राहिले तिची ही अवस्था आहे.

महाकालीपासून पुढे लालपेठच्या बाजूला एक जागा आहे. तिला कुणी ‘अपूर्ण देवालय’ म्हणतात, कुणी ‘रावण’. रायप्पा कोमटी नावाच्या धनिकाने प्रचंड शिवालय बांधायचे ठरवले. मूर्ती आधी घडवून घेतल्या, आणि मंदिर उभे राहण्यापूर्वी तो गेला. तेव्हापासून त्या अखंड दगडी मूर्ती उघड्यावर आहेत: नंदी, गणपती, मासा, कासव, आणि सर्वांत मोठी दहा तोंडांची दुर्गा. लोक तिलाच रावण समजतात. पंचवीस फुटांवर लांबीची ही मूर्ती जमिनीवर उताणी पडलेली आहे. पायांपासून चेहऱ्यांपर्यंत तिच्या कडेने चालत जावे लागते. छिन्नीच्या खुणा काही ठिकाणी इतक्या ताज्या दिसतात, की कारागीर जेवायला गेला असावा. देवळात उभी राहिली असती तर गाभाऱ्याच्या अंधारात तिचे अर्धे रूप दिसले असते. इथे पावसाचे पाणी तिच्या हातांच्या खाचांत साचते आणि प्रत्येक बोट दिसते.

आता रानाकडे. चांद्याच्या राजांपैकी हीरशाहाबद्दल एक नोंद मेजर ल्युसी स्मिथच्या १८६९ च्या जमाबंदी अहवालात आहे. जंगल तोडून वहिती करणाऱ्याला जमीन, आणि जो तलाव बांधेल त्याला त्या तलावाच्या पाण्याखाली येईल तेवढी जमीन, असे धोरण त्याने चालवले. पूर्व विदर्भातल्या तलावांचे जाळे समजून घ्यायला ही एक ओळ पुरते. पुढे मालगुजारांनी तलाव बांधले, त्यांना आज ‘मामा तलाव’ म्हणजे माजी मालगुजारी तलाव म्हणतात. इंग्रजांच्या काळात घोडाझरी आणि आसोलामेंढा हे मोठे जलाशय झाले. घोडाझरीला पावसाळ्याच्या शेवटी नागपूरपासून माणसे येतात. शहराजवळच्या जुनोन्याला मात्र गर्दी नसते. तिथे गोंडकालीन तलाव आहे, काठावर राजवाड्याच्या भिंतींचे अवशेष आहेत, आणि हिवाळ्यात पाणपक्षी. बांबूच्या रानातून जाणारा रस्ता संध्याकाळनंतर टाळावा, कारण तिथे वाघ खरोखरच असतो.

ताडोब्याच्या तलावाकाठी एक देवस्थान आहे. वाघाशी झुंजताना मारला गेलेला तारू हा गोंडांचा देव झाला आणि त्याच्यावरूनच रानाला नाव मिळाले. पौषात तिथे जत्रा भरायची. १९५५ मध्ये हे राष्ट्रीय उद्यान झाले, १९८६ मध्ये अंधारी अभयारण्य जाहीर झाले, नंतर दोन्ही मिळून व्याघ्र प्रकल्प. आतल्या बोटेझरी, नवेगाव, जामणी अशा गावांचे पुनर्वसन झाले. त्यांच्या शेतांची गवताळ कुरणे झाली आणि चितळांचे कळप तिथे चरू लागले. जिप्सीतला पर्यटक ‘काय सुंदर मोकळे मैदान’ म्हणतो, तेव्हा गाईडने सांगायला हवे की इथे धान पिकत होते. सफारीच्या रस्त्याकडेला चौकोनी दगडी खांब दिसतात. राजाची स्वारी येत असल्याची वर्दी द्यायला या खांबांवरून दोर ओढून घंटा वाजवत, असे सांगतात. वाघाच्या मागे सुसाट जाणाऱ्या गाडीतून ते एका क्षणात निघून जातात. निदान एका खांबापाशी थांबायला सांगावे.

वाघ हा या जिल्ह्याचा अभिमान आहे आणि भीतीही. संख्या वाढली, कोअरमधली जागा पुरेना, वाघ बफरमध्ये, ब्रह्मपुरी आणि सिंदेवाहीच्या गावशिवारात आले. मोहफूल वेचण्याचा आणि तेंदूपाने तोडण्याचा हंगाम म्हणजे इथल्या घरांसाठी वर्षाची रोकड. मे २०२५ मध्ये सिंदेवाही तालुक्यात तेंदूपाने तोडायला गेलेल्या तीन महिला एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात ठार झाल्या. सफारीच्या पैशातला मोठा वाटा या गावांपर्यंत पोचला पाहिजे. गावातल्या घरी मुक्काम, गावातलाच गाईड, गावातल्या बचत गटाचे जेवण एवढे तरी पाहुण्याच्या हातात आहे.

भद्रावतीला अर्धा दिवस द्यावा. विजासनच्या टेकडीत बौद्ध लेणे आहे. समोर खोलवर गेलेला बोळ, त्याला काटकोनात डावी-उजवीकडे दोन, आणि प्रत्येक बोळाच्या टोकाला अंधारात बसलेला बुद्ध. त्याच गावात भद्रनागाचे मंदिर, पार्श्वनाथाचे जैन तीर्थ आणि तलावातला जुना दगडी पूल. तीन धर्मांची इतकी जुनी वस्ती एका छोट्या गावात चालत पाहता येते, अशी ठिकाणे महाराष्ट्रात थोडी आहेत.

वैनगंगा ओलांडली की गडचिरोली. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपुरातून वेगळा झालेला, तीन चतुर्थांश जंगलाचा जिल्हा. इतकी वर्षे बातम्यांत तो चकमकींपुरता आला आणि म्हणून पाहुणा तिथे फिरकला नाही. चामोर्शी तालुक्यात वैनगंगा जिथे वळून उत्तरेकडे वाहते तिथे मार्कंडा हे देवळांचे गाव आहे. पुरातत्त्वज्ञ कनिंगहॅम १८७३-७४ च्या सुमारास इथे आला आणि या देवळांची तुलना त्याने खजुराहोशी केली. वीज पडून शिखर ढासळल्याची हकीकतही सांगतात. मुख्य देवळाचे दगड उतरवून पुन्हा रचण्याचे काम गेली काही वर्षे रेंगाळले आहे आणि भाविकांचा जीव त्यात अडकला आहे. महाशिवरात्रीला नदीच्या वाळवंटात माणूस मावत नाही. शिल्पे पाहायची असतील तर ती गर्दी ओसरल्यावर जावे आणि देवळाच्या बाहेरच्या भिंतीवरून एक फेरी सावकाश मारावी.

दक्षिणेला आलापल्लीजवळ सागाचे जुने वन राखलेले आहे. ‘ग्लोरी ऑफ आलापल्ली’ हे २०१४ मध्ये महाराष्ट्रातले पहिले जैवविविधता वारसा स्थळ झाले. उंची मोजायला मान पाठीला लागते असे साग. नव्या संसद भवनासाठी आणि अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी बल्लारपूरच्या आगारातून साग गेला, तो याच मुलखातला. त्याच्याही पुढे सिरोंचा. प्राणहितेच्या काठावरच्या कोटा गावावरून जुरासिक काळातल्या खडकांच्या एका थराला जगभर ‘कोटा’ म्हणतात. सिरोंचा तालुक्यात पोचमपल्लीजवळ १९६१ च्या सुमारास भल्यामोठ्या डायनोसॉरची शेकडो हाडे सापडली. ते रवींद्रनाथांचे जन्मशताब्दी वर्ष होते, म्हणून प्राण्याचे नाव ‘बारापासॉरस टागोराय’. त्याचा सांगाडा कोलकात्यात भारतीय सांख्यिकी संस्थेच्या संग्रहालयात उभा आहे. वडधमच्या जीवाश्म उद्यानात आपल्याला दगड झालेली झाडे पाहायला मिळतात. कोलकात्यातल्या सांगाड्याची पूर्णाकृती प्रतिकृती तरी सिरोंच्यात उभी राहावी, ही मागणी मी इथे जाहीरपणे करते. या तालुक्यातल्या मुलाला आपल्या शेताखाली काय होते हे डोळ्यांनी पाहता आले पाहिजे.

दिवाळीच्या सुमारास या भागात धानकापणीची लगबग असते आणि भाऊबीजेपासून झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भाच्या या जंगलपट्ट्यात, मंडईचे दिवस सुरू होतात. गावोगाव शंकरपट (बैलांच्या शर्यती), मंडई आणि रात्री नाटक. देसाईगंज वडसा हे नाटक कंपन्यांचे गाव. शेतात मंडप घालून रात्री उशिरा पडदा उघडतो आणि प्रयोग पहाटेपर्यंत चालतो. मध्ये लावणी, मध्ये विनोद, आणि शेवटी घरातल्या बायका पदराने डोळे पुसतात असा प्रसंग हवाच. याच रंगभूमीचे परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. सफारीचे आरक्षण न मिळालेल्याने निराश होऊ नये. वडसा किंवा ब्रह्मपुरीच्या बसस्टँडसमोरच्या भिंतींवर नाटकांचे रंगीत पोस्टर लागलेले असतात, त्यावर गावाचे नाव आणि तारीख लिहिलेली असते. तिकीट मंडपाच्या दारात मिळते. सोबत शाल घ्यावी, कारण नोव्हेंबरात धानाच्या बांध्यांवर थंडी लवकर उतरते.