जबडा अरुंद असेल तर निकाहची वाट पाहू नका

मुलीच्या वेड्यावाकड्या दातांची आठवण आपल्याकडे बहुधा स्थळं येऊ लागली की होते. अम्मी तिला तारा लावायला नेते आणि डॉक्टर सांगतात, दातांचं नंतर. आधी वरचा जबडा रुंद करायला हवा, आणि या वयात त्याला ऑपरेशन लागेल.

असं का? टाळूचं हाड दोन भागांचं असतं, मधोमध सांधा. लहानपणी तो कच्चा असतो. साधारण १४-१५ वर्षांपर्यंत टाळूला स्क्रूचं उपकरण बसवून काम भागतं. डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे घरीच किल्लीने तो रोज फिरवायचा, एका वेळी जेमतेम पाव मिलिमीटर. दोन-तीन आठवड्यांत जबडा रुंदावतो. पुढच्या दोन दातांत मोठी फट पडते, तेव्हा घरात हमखास घबराट होते. पण सांधा उघडल्याची तीच खूण. फट पुढे मिटत जाते. नवं हाड भरेपर्यंत उपकरण काही महिने तसंच ठेवतात. अमेरिकेत एमर्सन अँजेल यांनी १८६० मध्ये हा उपाय लिहून ठेवला, तेव्हा हे नवं खूळ नव्हे.

वय वाढलं की सांधा पक्का होतो. मग भूल देऊन हाडाला काप द्यावे लागतात, काही दिवस थांबून स्क्रू फिरवायचा. खर्च, सूज, सुट्ट्या सगळं वाढतं.

‘अल्लाहने दिलेली सूरत का बदलायची?’ असं बुजुर्ग विचारतात. निव्वळ सौंदर्यासाठी दातांत फटी पाडून घेण्याची हदीसमध्ये मनाई आहेच. पण लढाईत नाक गमावलेल्या अरफजा (रजि.) यांना हुजूर (स.) यांनी सोन्याचं नाक लावायला सांगितलं, हेही अबू दाऊद आणि तिर्मिझीत आहे, एरवी पुरुषांना सोनं मना! चावता न येणं हा दोषच, नखरा नव्हे. तरी शंका असेल तर आलिमांना विचारा.

दात आवळल्यावर वरच्या दाढा खालच्यांच्या आत बसतात का, हनुवटी एका बाजूला सरकते का, पाहा. मूल तोंड उघडं ठेवून झोपत असेल तर नाक-घशाच्या डॉक्टरांनाही दाखवा. सातव्या वर्षी आपण मुलांना नमाजला उभं करतो. त्याच वर्षी एकदा दातही दाखवावेत, मुलग्यांचेसुद्धा. खासगी दवाखाना परवडत नसेल तर मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय दंत महाविद्यालयांत चौकशी करा.