डेंटल हायजिनिस्टचा कोर्स : गटाने कर्ज देण्याआधी

मैत्रिणींनो, बारावीचा निकाल लागला की गटाच्या बैठकीत लेकीच्या शिक्षणासाठी कर्जाची मागणी येते. नर्सिंग, लॅब टेक्निशियन आता आपल्याला माहीत झालंय. 'डेंटल हायजिनिस्ट' हे नाव मात्र नवीन वाटतं.

ही दाताची डॉक्टर नव्हे. दातांवर साचून दगडासारखं झालेलं किटण मशीनने काढायचं, दात पॉलिश करायचे, मुलांच्या दातांना फ्लोराइड लावायचं, ब्रश कसा करायचा ते समजवायचं, हे तिचं काम. तेही डेंटिस्टच्या देखरेखीखाली. दात काढणं, रूट कॅनाल करणं तिला चालत नाही.

कामाची गरज किती आहे ते तुम्हीच बघता. मशेरीने दात काळे पडतात, हिरड्यांतून रक्त येतं, तरी ठणका लागल्याशिवाय कुणी दवाखान्यात जात नाही. वर 'दात साफ केले की हलायला लागतात' ही समजूत! खरं म्हणजे किटणामुळे हिरडी आधीच सुटलेली असते, ते निघालं की दात सैल असल्याचं कळतं, एवढंच. हे बाईने बाईला सांगितलं तर लवकर पटतं.

कोर्स दोन वर्षांचा डिप्लोमा आहे. बारावी सायन्स हवी, फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी घेऊन. आर्ट्स-कॉमर्सच्या मुलींना यात प्रवेश नाही. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला शासकीय दंत महाविद्यालयं आहेत. हा कोर्स यंदा चालू आहे का, जागा किती, फी किती, ही चौकशी आधी तिथे करा. खासगीचं नंतर बघू.

आता मुद्द्याचं. १९४८ च्या दंतवैद्यक कायद्याने हायजिनिस्टची राज्य दंत परिषदेकडे स्वतंत्र नोंदणी ठेवली. २०२३ मध्ये संसदेने राष्ट्रीय दंत आयोगाचा नवा कायदा मंजूर केला, तरी मान्यताप्राप्त कॉलेज आणि नोंदणी याला पर्याय नाही. कुणी सहा महिन्यांत सर्टिफिकेट देतो म्हणालं, दुकानाच्या गाळ्यात क्लास भरत असला, जवळ दाताचा दवाखानाच नसला, तर तिथून उठून या. पेशंटच्या तोंडात हात घातल्याशिवाय हे काम शिकताच येत नाही. नोंदणी नसेल तर तो कागद सरकारी नोकरीत दाखवता येत नाही, मग कर्जाचे हप्ते कशातून फेडणार?

नोकरीचं खरं सांगायचं तर वाट अरुंद आहे. राष्ट्रीय मौखिक आरोग्य कार्यक्रमात सरकारी रुग्णालयांच्या दंत विभागासाठी डेंटिस्टसोबत हायजिनिस्टचंही पद धरलेलं आहे, पण अशी भरती बहुधा कंत्राटी असते. दंत महाविद्यालयं आणि शहरातले मोठे दवाखाने इथेही काम मिळतं. तालुक्याच्या गावी मात्र डेंटिस्ट बहुतेक वेळा किटण स्वतःच काढतात, मदतनीस म्हणून हाताशी शिकवलेली मुलगी ठेवतात. रेल्वेने २०२४ मध्ये पॅरामेडिकलच्या १,३७६ जागा काढल्या, त्यात नर्सिंग सुपरिटेंडंटच्या ७१३ आणि डेंटल हायजिनिस्टच्या फक्त ३ होत्या. मोबाइलवर दिसणारे लाखांचे पगार अमेरिकेतले आहेत. आपल्या डिप्लोमावर तिथे थेट काम करता येत नाही.

म्हणून माझं मत असं, की मुलीला मनापासून आवड असेल, शासकीय कॉलेजात नंबर लागत असेल आणि जिल्ह्याच्या किंवा मोठ्या शहराच्या ठिकाणी राहायची तयारी असेल तर जरूर करावं. नुसती नोकरीच हवी असेल तर नर्सिंगमध्ये जागा कितीतरी जास्त आहेत.

गटात कर्जाचा ठराव घेण्याआधी ताईकडून कॉलेजच्या मान्यतेचा कागद मागा, कोर्सचं नाव आणि वर्ष त्यावर आहे का ते वाचा, आणि राज्य दंत परिषदेकडे विचारून खात्री करा. दोन वर्षांची फी एकदम भरू नका. आणि फॉर्म भरायच्या आधी मुलीला आठवडाभर तालुक्याच्या डेंटिस्टकडे नुसतं बसू द्या. रक्त, थुंकी, तोंडाचा वास हे दिवसभर सोसवतंय का, ते तिचं तिलाच कळेल.