रात्रपाळीचा वार कोणता?

डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीतील एक कामगार सोमवारी रात्री ११ वाजता कामावर हजर होतो आणि मंगळवारी सकाळी ८ वाजता कारखान्याच्या फाटकाबाहेर पडतो. मध्ये ३ ते ४ ही त्याची जेवणाची सुट्टी. म्हणजे त्याने एकूण आठ तास काम केले. आता प्रश्न असा, की हे आठ तास कोणत्या वाराच्या खात्यावर मांडायचे? त्याला स्वतःला विचारले तर तो सांगेल, “सोमवारची रात्रपाळी केली.” पण घड्याळाकडे पाहा. सोमवारच्या वाट्याला एकच तास आला आहे आणि मंगळवारच्या वाट्याला सात!

प्रश्न क्षुल्लक वाटेल. परंतु मोठमोठ्या बांधकामांची वेळापत्रके आता संगणकावर तयार होतात, आणि संगणकाला हा प्रश्न नीट समजावून दिला नाही तर कामगार नको त्या रात्री बोलावला जातो किंवा त्याची हक्काची सुट्टी बुडते. म्हणून हा प्रश्न आपण मुळापासून पाहू.

दिवस कोठे सुरू होतो?

दिवस चोवीस तासांचा, हे सर्वांना मान्य आहे. तो सुरू कोठे करायचा, हे मात्र माणसाने आपल्या सोयीने ठरवले आहे. आपल्या पंचांगात वार सूर्योदयाला बदलतो. त्यामुळे मंगळवारी पहाटे चारला जन्मलेल्या बाळाचा वार पंचांगाप्रमाणे सोमवारच असतो. शाळा, कचेऱ्या आणि बँका यांचा दिवस मध्यरात्री बदलतो. मध्यरात्री बहुतेक लोक झोपलेले असतात, म्हणून तारीख बदलली तरी कोणाचे काम अडत नाही.

पण ज्यांचे कामच रात्रीचे, त्यांचे काय? खगोलशास्त्रज्ञांचेच उदाहरण घ्या. रात्री दहाला सुरू केलेले निरीक्षण पहाटे चारपर्यंत चालते. एकाच रात्रीच्या नोंदींवर दोन तारखा पडल्या तर घोटाळा होणारच. म्हणून १९२४ अखेरपर्यंत खगोलशास्त्रज्ञ आपला दिवस दुपारी १२ वाजता सुरू करत. १ जानेवारी १९२५ पासून त्यांनीही नेहमीच्या व्यवहारासाठी मध्यरात्र स्वीकारली. मात्र ‘ज्युलियन दिनांक’ नावाची त्यांची जी सलग दिवसमोजणी आहे, तिच्यातील दिवस अजूनही ग्रीनिचच्या दुपारी १२ वाजताच बदलतो. या युक्तीमुळे युरोपातील वेधशाळांची अख्खी रात्र एकाच दिवसात बसत असे.

रेल्वेची जोड-वारांची भाषा

ठाणे, कल्याण, डोंबिवली येथे राहणाऱ्यांना हा प्रश्न रोज भेटतो. रुळांची दुरुस्ती बहुधा शेवटची लोकल गेल्यावर आणि पहिली लोकल निघण्यापूर्वी, अशा जेमतेम तीन-चार तासांत उरकावी लागते. या कामासाठी वाहतूक थांबवण्याला आपण ‘ब्लॉक’ म्हणतो. रेल्वेच्या सूचनेत ‘शुक्रवार-शनिवार मध्यरात्री’ असे दोन वार जोडून लिहिलेले तुम्ही वाचले असेल. नुसते ‘शनिवारी मध्यरात्री’ म्हटले तर शनिवार सुरू होतानाची मध्यरात्र की संपतानाची, हे कळत नाही. जोड-वारामुळे ती शंका उरत नाही.

ठाणे स्थानकातील ५ क्रमांकाचा फलाट रुंद करण्यासाठी २०२४ मध्ये ६३ तासांचा ब्लॉक घेण्यात आला. तो गुरुवार-शुक्रवारच्या मध्यरात्री, म्हणजे ३१ मे रोजी ००.३० वाजता सुरू झाला आणि रविवार, २ जून रोजी दुपारी ३.३० पर्यंत ठरवलेला होता. तुम्हीच मोजा. शुक्रवारच्या ००.३० पासून रविवारच्या ००.३० पर्यंत ४८ तास, आणि तेथून १५.३० पर्यंत आणखी १५. बेरीज बरोबर ६३ येते. हाच ब्लॉक ‘गुरुवारी रात्री साडेबारापासून’ असे ऐकून कोणी २९ आणि ३० मे यांमधल्या मध्यरात्रीपासून मोजला, तर उत्तर ८७ तास येईल!

संगणक वेळापत्रक कसे करतो?

मोठ्या प्रकल्पात शेकडो कामे असतात. पाया भरल्याशिवाय खांब उभा राहत नाही आणि खांब झाल्याशिवाय त्यावर गर्डर चढत नाही. कोणते काम कोणत्या कामावर अवलंबून आहे आणि प्रत्येकाला किती वेळ लागेल, हे संगणकाला सांगितले की सगळा प्रकल्प कधी पुरा होईल हे तो काढून देतो. ही रीत १९५० नंतरच्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत आकाराला आली. १९५७ मध्ये ड्यूपाँ या रसायन कंपनीने रेमिंग्टन रँडच्या साहाय्याने ‘निर्णायक मार्ग पद्धत’ तयार करायला घेतली. तिच्यावर आधारलेल्या आज्ञावल्या आज बांधकामाच्या कचेऱ्यांतून सर्रास वापरल्या जातात.

मात्र ‘बारा तासांचे काम’ एवढे सांगून भागत नाही. ते बारा तास कोठून आणायचे, हेही सांगावे लागते. समजा, कल्याणजवळ रुळांचे एक काम बारा तासांचे आहे. दिवसपाळीत रोज आठ तास मिळाले तर ते दीड दिवसात होईल. पण रुळांवर रात्री १ ते ४ एवढाच वेळ मिळत असेल, तर चार रात्री लागतील. शिवाय लोकलच्या वरच्या तारेत २५,००० व्होल्टचा दाब असतो. काम सुरू करण्यापूर्वी तिचा प्रवाह बंद करून ती जमिनीशी जोडावी लागते आणि शेवटी पुन्हा सारे पूर्ववत करावे लागते. समजा, त्यासाठी आधी अर्धा आणि नंतर अर्धा तास गेला, तर हाती दोनच तास उरले. त्याच बारा तासांच्या कामाला आता सहा रात्री लागणार. काम तेवढेच राहिले, पण कॅलेंडर बदलताच दीड दिवसाच्या सहा रात्री झाल्या.

म्हणून वेळापत्रकाच्या आज्ञावलीत ‘कामाचे कॅलेंडर’ असते. भिंतीवरचे कॅलेंडर सण आणि तिथी दाखवते, तर हे कॅलेंडर कोणत्या वारी किती ते किती काम चालते ते दाखवते. मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्ट या प्रसिद्ध आज्ञावलीत अशी तीन कॅलेंडरे तयारच मिळतात. एक दिवसपाळीचे, दुसरे चोवीस तासांचे आणि तिसरे रात्रपाळीचे.

रात्रीचे दोन तुकडे

संगणकाच्या या कॅलेंडरात वार मध्यरात्रीच बदलतो. एका वाराच्या चौकटीत ०० ते २४ एवढेच तास. तेथे ‘सोमवार, २३ ते ८’ असे लिहिता येत नाही, कारण ८ हा आकडा २३ च्या आधी येतो. सुरुवातीच्या आधीच शेवट, असे कसे चालेल? यावर उपाय एकच. प्रत्येक रात्र मध्यरात्रीपाशी तोडायची आणि दोन्ही तुकडे आपापल्या वारात ठेवायचे. सोमवार ते शुक्रवार अशा पाच रात्रींचे कॅलेंडर मग असे दिसते :

सोमवार : २३ ते २४. एकूण १ तास.
मंगळवार, बुधवार, गुरुवार, शुक्रवार : ०० ते ३, ४ ते ८ आणि २३ ते २४. प्रत्येकी ८ तास.
शनिवार : ०० ते ३ आणि ४ ते ८. एकूण ७ तास.
रविवार : काम नाही.

बेरीज करा. १ + ३२ + ७ = ४०. पाच रात्री, प्रत्येकी आठ तास, म्हणजे चाळीसच. हिशेब जुळला. पण मंगळवारच्या ओळीकडे नीट पाहा. तिच्यातील आठ तास एका रात्रीचे नाहीत. पहिले सात तास सोमवारी सुरू झालेल्या पाळीचे आहेत आणि शेवटचा एक तास मंगळवारी रात्री सुरू होणाऱ्या पाळीचा आहे.

बेरीज बरोबर, कॅलेंडर चूक

आता एक गंमत पाहा. ‘आठवड्यात पाच दिवस काम’ असे म्हणत एखाद्याने मंगळवारची ओळ सोमवारलाही तशीच उतरवली आणि शनिवार कोरा ठेवला. पाच वार, प्रत्येकी आठ तास, बेरीज ४०. वरवर पाहणाऱ्याला यात काही वावगे दिसणार नाही.

पण या कॅलेंडरप्रमाणे काम सुरू केव्हा होते? सोमवारी ०० वाजता, म्हणजे आपण ज्याला रविवारची रात्र म्हणतो तेव्हा! पहिला तास गाळून रविवारी मध्यरात्रीच माणसे बोलावली गेली. दुसऱ्या टोकाला शुक्रवारी रात्री ११ ला टोळी आली आणि १२ वाजता संगणक म्हणतो, काम संपले. एका तासासाठी क्रेन आणायची, रस्ता अडवायचा आणि परत जायचे. ठाण्याच्या घोडबंदर रस्त्यावर मेट्रोचे गर्डर चढवताना रात्रीची वाहतूक वळवावी लागली. अशा कामात एक तासाची रात्र म्हणजे फुकट गेलेली रात्र.

यातून गणितातलाही एक धडा मिळतो. बेरीज जुळणे म्हणजे मांडणी बरोबर असणे नव्हे. म्हणून रात्रपाळीचे कॅलेंडर तपासताना एकूण तास मोजून थांबू नये. एक पाळी सुरू झाल्यापासून संपेपर्यंत बोटाने माग काढत जावे.

सुट्टी कोणत्या रात्रीची?

सगळ्यात जास्त घोटाळा सुट्टीच्या दिवशी होतो. समजा, २६ जानेवारी बुधवारी आली आहे. संगणकात २६ तारखेवर ‘सुट्टी’ अशी खूण केली, की तो त्या तारखेचे ०० ते २४ हे सर्व तास पुसून टाकतो. परिणाम काय झाला? मंगळवारी रात्री ११ ला आलेल्या कामगाराची पाळी १२ वाजताच तुटली. बुधवारी रात्री ११ चा तास पुसला गेला, पण गुरुवारच्या ०० ते ८ या वेळेत त्याचे काम तसेच उभे आहे. म्हणजे मध्यरात्री पुन्हा हजर व्हायचे! एक पूर्ण रात्र मोकळी मिळण्याऐवजी दोन रात्री मोडल्या आणि झोप एकाही रात्री मिळाली नाही.

हा पेच संगणकाच्या फार आधी कायदा करणाऱ्यांच्या लक्षात आला होता. १९४८ च्या कारखाने कायद्यात ‘दिवस’ म्हणजे मध्यरात्रीपासूनचे चोवीस तास, अशी व्याख्या होती. पण ५७ व्या कलमात रात्रपाळीसाठी तिला मुरड घातली होती. ज्याची पाळी मध्यरात्र ओलांडते, त्याची पूर्ण दिवसाची सुट्टी पाळी संपल्यापासून सलग चोवीस तासांची धरावी, आणि मध्यरात्रीनंतर केलेले तास आदल्या दिवसात मोजावेत, असे ते कलम सांगत होते. या कायद्याची जागा २०२५ च्या नोव्हेंबरात नव्या श्रमसंहितेने घेतली. पण त्या कलमातील विचार संगणकापुढे बसणाऱ्याने आजही ध्यानात ठेवण्यासारखा आहे. कामगाराचा दिवस त्याच्या पाळीपासून मोजायचा असतो.

तेव्हा २६ ची रात्र मोकळी द्यायची असेल, तर २६ तारखेचा २३ ते २४ हा एक तास आणि २७ तारखेचे ०० ते ८ एवढे पुसावे. २६ च्या सकाळी ८ पर्यंतचे तास आदल्या पाळीचे आहेत. ते तसेच ठेवावेत. मग सकाळी ८ ला घरी गेलेल्या माणसाला पुढची रात्र सलग मिळते.

काँक्रीटला पाळी नसते

शेवटी एक उलटे उदाहरण. काँक्रीट ओतल्यावर ते किमान सात दिवस पाणी मारून ओलसर ठेवावे लागते. या काळात सिमेंट आणि पाणी यांची रासायनिक क्रिया रात्रंदिवस, रविवारीही, चालूच असते. ‘सात दिवस’ हे काम चुकून रात्रपाळीच्या कॅलेंडरला जोडले तर काय होईल? आठ तासांच्या दिवसाप्रमाणे संगणक सात दिवस म्हणजे ५६ तास धरील. सोमवारी रात्री ११ ला आरंभ केला, तर शुक्रवारच्या रात्रीपर्यंत ४० तास होतील आणि उरलेले १६ पुढच्या सोमवारी व मंगळवारी रात्री. म्हणजे पुढच्या बुधवारी सकाळी ८ ला मुदत संपेल. वास्तविक सात दिवस पुढच्या सोमवारी रात्री ११ लाच भरले होते. नुसत्या कॅलेंडरपायी ३३ तास वाया गेले. अशा कामाला चोवीस तासांचेच कॅलेंडर लावावे.

करून पाहा

एका कारखान्यात रात्रपाळी २२ ते ६ अशी आहे. मध्ये २ ते २.३० जेवणाची सुट्टी. सोमवार ते शनिवार अशा सहा रात्री काम चालते आणि रविवारची रात्र मोकळी असते. या पाळीचे वारवार कॅलेंडर तयार करा. एकूण तास किती? आणि ५७ व्या कलमातील रीतीने मोजल्यास साप्ताहिक सुट्टीचे चोवीस तास कोणत्या वारी किती वाजता सुरू होऊन केव्हा संपतात?

उत्तर : सोमवारी २ तास, मंगळवार ते शनिवार प्रत्येकी साडेसात तास, रविवारी पहाटेचे साडेपाच तास. एकूण ४५. सुट्टीचे चोवीस तास रविवारी सकाळी ६ ला सुरू होतात आणि सोमवारी सकाळी ६ ला संपतात. तुमच्या उत्तरात रविवारची चौकट कोरी राहिली असेल, तर शनिवारी रात्री दहाला कामावर गेलेला माणूस तुम्ही बाराच्या ठोक्याला घरी पाठवला आहे. त्या वेळी घरी जायला त्याला गाडी मिळेल का, हेही पाहा!