दुकानाच्या कामाचा नकाशा

शेताचा नकाशा, बांधाच्या खुणा व पाटाचा मार्ग यांचें महत्त्व आमच्या वाचकांस सांगावयास नको. परंतु ज्या सहकारी दुकानांतून आपण खत व बियाणें घेतों, तेथील कामाचाहि नकाशा काढतां येतो, ही गोष्ट फार थोड्यांच्या ध्यानांत आली असेल.

कोल्हापुरास अशा दुकानांची परंपरा जुनी आहे. १९३९ सालीं येथें शेतकरी सहकारी संघ स्थापन झाला. पुढें वारणानगरास वारणा बाजार उभा राहिला. आणि गांवोगांवच्या अनेक सेवा संस्थाहि खतें विकतात. अशा दुकानाचा मालक सभासदच असल्यामुळें तेथील विलंबाचें नुकसान तो दोनदां सोसतो. ग्राहक म्हणून त्याचा वाफसा हातचा जातो. आणि कंटाळलेलीं गिऱ्हाइकें खाजगी दुकानाकडे वळलीं म्हणजे मालक म्हणून त्याचा नफाहि बुडतो.

कामाच्या पायऱ्या चित्ररूपानें मांडण्याची रीत अमेरिकेंतील फ्रँक व लिलियन गिलब्रेथ या दांपत्यानें १९२१ सालीं तेथील यांत्रिक अभियंत्यांच्या संस्थेपुढें ठेविली. पुढें १९४७ सालीं त्याच संस्थेनें काम, हालचाल, तपासणी, खोळंबा व साठवण अशा पांच गोष्टींसाठीं खुणा ठरविल्या. ॲलन मोगेन्सन यांनीं तर, जो काम करतो तोच त्या कामाचा खरा जाणता, हें तत्त्व धरून कामगारांनाच सुधारणेंत सामील करून घेतलें. आपल्या देशांतहि १९९० च्या सुमारास गांवकऱ्यांनीं एकत्र बसून जमिनीवर रांगोळीनें गांवचा नकाशा काढण्याची पद्धति पसरूं लागली.

दुकानाचें काम याहून अवघड नाहीं. सेक्रेटरी, विक्रेता, हमाल, एखादा संचालक व दोन-तीन सभासद यांनीं सुट्टीच्या दिवशीं एकत्र बसावें. युरियाची ४५ किलोची एक गोणी घ्यावी, आणि ती गुदामांत उतरल्यापासून सभासदाच्या गाडींत पडेपर्यंतची प्रत्येक पायरी एकेका चिठ्ठीवर लिहून भिंतीवर ओळीनें लावावी. ज्याचें काम त्यानेंच तें सांगावें. खोळंब्यास तांबडी चिठ्ठी लावावी, व प्रत्येक पायरीस लागणारीं मिनिटें घड्याळ पाहून मोजावीं, अंदाजानें लिहूं नयेत.

समजा, सभासद उधारीची मर्यादा विचारण्यास प्रथम सेक्रेटरीकडे जातो, तेथून विक्रेत्याकडे येतो, यंत्रावर अंगठा देतो, पावती घेतो व गुदामाशीं पोहोंचतो. तेथें हमाल आहे, पण किल्ली विक्रेत्याजवळ! शिवाय अनुदानित खतासाठीं २०१८ पासून देशभर आधार-ओळखीची व्यवस्था आली. कष्टानें झिजलेला अंगठा यंत्रास पटला नाहीं, कीं मागची सारी रांग थांबते. यांतील प्रत्येकाला आपापला तुकडा ठाऊक असतो. सबंध वाट मात्र भिंतीवर आल्यावरच दिसते. मग उपायहि सुचतात: उधारीची यादी आदल्या सायंकाळीं विक्रेत्याकडे द्यावी, किल्ली साठावहीवर सही घेऊन हमालाकडे सोंपवावी, ज्याचा अंगठा उमटत नाहीं त्यास बाजूस बसवून पुढच्यांचें काम चालू ठेवावें.

दोन गोष्टींची मात्र सावधगिरी हवी. साठ्याची नोंद व पावती या पायऱ्या वेळ खातात म्हणून गाळूं नयेत. त्या संस्थेच्या पैशाचें कुंपण आहेत. दुसरें, ही बैठक म्हणजे चौकशी नव्हे. अध्यक्ष रागें भरूं लागले, तर हमाल गप्प बसेल, आणि भिंतीवरचा नकाशा खोटा ठरेल.

खर्च म्हणाल तर कांहीं कागद व एक दुपार. मृगापूर्वीं ती दुपार काढावी, महिन्यानें मिनिटें पुन्हां मोजावीं, आणि फरक सभासदांच्या बैठकींत वाचून दाखवावा. ज्या संस्थेचे सभासद आपल्या दुकानाची वाट स्वतः आंखतील, त्यांना भर पेरणींत दुकानाच्या दारीं तिष्ठत बसण्याची पाळी क्वचितच येईल.