सैल बोल्टांची स्लेज

पॉलिथिनवर गोंद धरत नाही, रंग टिकत नाही आणि बर्फही चिकटून राहत नाही. या शेवटच्या गुणासाठी पहिले दोन अवगुण पत्करायचे, हा अलास्कात घरी स्लेज बनवणाऱ्यांचा सौदा. फेअरबँक्सच्या परिसरात कडाक्याच्या दिवसांत पारा उणे ४० पर्यंत उतरतो आणि गोठलेल्या नद्यांचेच रस्ते होतात. गाडीरस्ता संपला की पुढच्या केबिनपर्यंत जळाऊ लाकूड, पेट्रोलचे कॅन, जनरेटर, शिकारीचे मांस, सगळे स्नोमोबाईलमागे स्लेजवरून ओढत न्यायचे. तयार स्लेज दुकानात मिळतात. तरी माझ्या शेजाऱ्याने गॅरेजात स्वतःची करायला घेतली आणि शीटचे दुसरे टोक धरायला मला बोलावले.

शीट चार फूट बाय दहा फूट, पाव इंच जाड, एचडीपीई या पॉलिथिनची. वजन बावीस-तेवीस किलो, म्हणजे उचलायला जड नाही, पण दोघांच्या मध्ये ती अशी लचकते की दारातून आत घेताना चौकटीशी झटापट होते. आपल्याकडे पाणी साठवायला निळे ड्रम वापरतात, त्याच जातीचे हे प्लास्टिक. इथे काहीजण तसा ड्रमच उभा चिरून छोटी स्लेज करतात. पॉलिप्रॉपिलीनची बादली या थंडीत आपटली तर तडकते. एचडीपीई मात्र वाकते आणि परत सरळ होते.

कापायला लाकडाची सर्क्युलर करवत चालते. हात रेंगाळला मात्र की पाते तापते, प्लास्टिक वितळते आणि कापलेली फट मागच्या मागे सांधत येते. भुसा पडत नाही, पांढरी कुरळी सालपटे उडतात. कशालाही न चिकटणारे हे प्लास्टिक स्थिर विजेमुळे स्वेटरला मात्र सोडत नाही.

खरी कसोटी पुढचे नाक वर वळवताना. हीटगन फिरवत राहायची आणि रंगाकडे पाहायचे: दुधी पांढरी शीट सुमारे १३० अंशांजवळ पोचू लागली की काचेसारखी पारदर्शक होत जाते. तिथे थांबून वाकवायचे, हवे त्याहून थोडे जास्तच, कारण सुटल्यावर ती मागे येणार. मग शिकंजे लावून सावकाश थंड होऊ द्यायची. घाईने गार पाणी ओतणाऱ्यांची नाके वाकडी होतात, असे शेजारी म्हणाला.

बर्फावर घसरताना घर्षणाच्या उष्णतेने पाण्याचा अतिशय पातळ थर तयार होतो, त्यावर स्लेज सरकते. लोखंड ती उष्णता शोषून लांब नेते. प्लास्टिक ती तिथेच राहू देते. उणे ३०-४० ला बर्फ वाळूसारखा खरखरीत होतो, तेव्हा हा फरक ओढताना जाणवतो. आर्क्टिकमधल्या इनुइटांनी हे प्लास्टिकच्या कितीतरी आधी ओळखले होते. त्यांच्या कमुटिक नावाच्या स्लेजच्या धावपट्ट्यांना ते चिखल थापून गोठवत आणि त्यावर पाण्याचा हात फिरवून बर्फाची झिलई देत. लाकूड नसेल तिथे त्यांच्यातले नेट्सिलिक लोक मासे कातड्यात गुंडाळून गोठवत आणि त्यांच्याच धावपट्ट्या करत! कमुटिकच्या आडव्या फळ्या खिळ्यांनी नव्हे, दोरीने बांधलेल्या असतात, त्यामुळे खडबडीत बर्फावर सगळी गाडी अंग मुरडत जाते. आज त्याच धावपट्ट्यांखाली प्लास्टिकची पट्टी असते, बांधणी मात्र दोरीचीच.

शेजाऱ्याच्या स्लेजमध्ये दोरीचे काम बोल्ट करतात, आणि माझा हात इथेच आखडला. बोल्ट म्हटला की आवळायचा, हे अंगवळणी पडलेले. पण पॉलिथिन थंडीत भलतेच आकसते: तीन मीटरच्या शीटला गॅरेजातून बाहेर काढून तापमान ५० अंशांनी उतरले, तर लांबी साधारण इंचभर कमी होते. शीटवर बोल्टांनी बसवलेली लाकडी चौकट तेवढी आकसत नाही. सगळे बोल्ट करकचून आवळले तर प्लास्टिक भोकांपाशी फाटणार. म्हणून भोके लांबट पाडायची, रुंद वायसर घालायचे आणि नायलॉक नट हाताला घट्ट लागेल तेवढाच फिरवायचा. बोल्टची डोकी खालून शीटमध्ये खोल बसवायची, नाहीतर ती बर्फात नांगर चालवतात. मधला एकच बोल्ट पक्का, बाकी सगळे शीटला सरकू देणारे.

स्नोमोबाईलशी जोडणीत मात्र ढिलाई चालत नाही. दोरीने ओढलेली स्लेज उतारावर ब्रेक दाबताच मागून येऊन चालकाच्या पाठीत घुसते. म्हणून पोलादी टो-बार हवा. त्यात एक जाड स्प्रिंगही हवी, सुरुवातीचा हिसका चौकटीला बसू नये म्हणून. तळाशी लांबीने पट्ट्या जोडल्या, नाहीतर सपाट तळाची स्लेज आडव्या उतारावर बाजूला घसरत जाते.

पहिल्या फेरीत बर्चची लाकडे भरली. माझा कल वजन पुढे ठेवण्याकडे होता. शेजाऱ्याने अर्धी मागे सरकवायला लावली: नाक हलके राहिले तर भुसभुशीत बर्फावर चढते, जड झाले तर खोदत जाते. घरी परतल्यावर बोल्ट तपासले. दोन किंचित जास्त आवळलेले निघाले, ते त्याने पाव आटा मागे फिरवले. बाजूच्या कठड्यांचे काम अजून बाकी आहे, आणि ते लाकडाचे करायचे की ॲल्युमिनियमचे यावर आमचे जमलेले नाही.