छित्तराजाचें भवन

कल्याणहून कर्जतच्या बाजूस निघालेली आगगाडी विठ्ठलवाडी आणि उल्हासनगर मागें टाकून अंबरनाथास पोहोंचते, तेव्हां फलाटावर उतरणाऱ्या बहुतेकांना कारखान्याची नाहीं तर घरची ओढ असते. परंतु स्थानकाच्या पूर्वेस थोडें चालून वालधुनी नदीच्या कांठीं गेलें, म्हणजे काळ्या दगडाचें एक शिवालय दृष्टीस पडतें. हें देऊळ कोणीं बांधलें, असें त्या बाजूच्या एखाद्या वृद्धास विचारलें तर तो निःशंकपणें पांडवांचें नांव सांगेल. पांडवांनीं एका रात्रींत हें काम आरंभिलें, कळस चढवावयाचा राहिला तोंच उजाडलें, आणि देवाच्या डोक्यावर उघडें आकाश राहून गेलें, असा त्या कथेचा सारांश आहे.

या कथेस हंसूं नये. देवळाच्या मंडपांतून वीसएक पायऱ्या खालीं उतरल्यावर गाभारा लागतो, आणि तेथें मान वर केली असतां खरोखरच आकाश दिसतें. शिखर पुरतें झालेंच नाहीं कीं मागाहून ढांसळलें, याविषयीं जाणत्यांतही एकमत नाहीं. भिंतींवरील शिवाच्या नृत्यमूर्ति, ब्रह्मदेव, महिषासुरमर्दिनी पाहतां पाहतां माणूस थकून जातो. शिखराचा जो भाग उरला आहे, त्याच्या अंगांवर उभे नक्षीदार पट्टे असून मधल्या जागेंत लहान लहान शिखरांच्या ओळी एकीवर एक चढत गेल्या आहेत. शिल्पशास्त्रांत या पद्धतीस भूमिज म्हणतात. माळव्यांत परमार राजा उदयादित्य यानें उदयपूर येथें उदयेश्वराचें प्रसिद्ध देऊळ याच पद्धतीनें आणि साधारण याच सुमारास उभारलें. एवढें काम मनुष्याचें नव्हे, असें गांवकऱ्यांस वाटलें तर त्यांत नवल तें काय? ज्याचा कर्ता विसरला, तें पांडवांच्या पदरीं घालावयाचें, ही आपल्या देशाची जुनी रीतच आहे.

पण कर्ता स्वतः मुका राहिला नव्हता. उत्तरेकडील दाराच्या तुळईवर, आंतल्या अंगास, त्यानें एक लहानसा लेख कोरवून ठेविला होता. येणाराजाणारा शेंकडों वर्षें त्या अक्षरांखालून वांकून जात होता. अक्षरें झिजत होतीं, आणि तीं वाचणारें कोणी नव्हतें.

लेख संस्कृत भाषेंत आहे. त्यांत महामंडलेश्वर माम्वाणिराजदेव याचें राज्य चालूं असल्याचें सांगून त्याच्या मंत्र्यांचीं व इतर अधिकाऱ्यांचीं नांवें दिलीं आहेत, आणि महामंडलेश्वर छित्तराजदेव याचें भवन संपादिलें, म्हणजे बांधून सिद्ध केलें, असें म्हटलें आहे. तिथि श्रावण शुद्ध नवमी. शक कोणता, हा प्रश्न पुढें मोठ्या महत्त्वाचा ठरला. त्याची हकीकत यथाक्रम येईल. आधीं हे दोन राजे कोण, तें पाहिलें पाहिजे.

शिलाहार घराण्याची एक शाखा उत्तर कोंकणावर सुमारें साडेचारशें वर्षें राज्य करीत होती. प्रथम हे लोक राष्ट्रकूटांचे मांडलिक होते. इसवी सनाच्या दहाव्या शतकाच्या अखेरीस राष्ट्रकूटांची सत्ता मोडली, तेव्हां अपराजित नांवाच्या राजानें डोकें वर काढलें. यांची राजधानी स्थानक, म्हणजे आजचें ठाणें. ‘तगरपुरपरमेश्वर’ ही त्यांची आवडती पदवी, आणि ध्वजावर गरुड. राज्याचा जीव समुद्रावर होता. स्थानक, शूर्पारक म्हणजे सोपारा, आणि चेमुली म्हणजे चौल, या बंदरांत गलबतें लागत आणि जकात येई. वालधुनीकांठच्या दगडावर जें द्रव्य खर्च झालें, त्यांतील बराच वांटा खाऱ्या पाण्यांतूनच आला असला पाहिजे.

अपराजिताचा पुत्र वज्जड याला तीन पुत्र होते: छित्तराज, नागार्जुन आणि मुम्मुणि. लेखांतील माम्वाणि तो हाच. तिघेही एकामागून एक गादीवर आले. या तिघांच्या दरबारीं सोड्ढल नांवाचा एक कवि होता. तो लाट देशचा, कायस्थ जातीचा. ‘उदयसुंदरीकथा’ या आपल्या ग्रंथांत त्यानें तिघां भावांनीं दिलेल्या आश्रयाचा आदरानें उल्लेख केला आहे. छित्तराजाचा शके ९४८, म्हणजे इ. स. १०२६ चा एक ताम्रपट भांडुप येथें सांपडला. त्यांत नौर गांवांतील एक शेत ब्राह्मणास दान दिल्याची नोंद आहे. नौर म्हणजे आजचें नाहूर, आणि तें ज्या षट्षष्टि विषयांत होतें ती आजची साष्टी. ज्या नाहूरच्या स्थानकावर आज गाड्या थांबतात, त्या गांवचें शेत नऊशें नव्व्याण्णव वर्षांहून कमी काळापूर्वीं कोणी दान दिलें, असें म्हणतां येणार नाहीं, इतकी ती गोष्ट जुनी!

आतां लेखांतील मुख्य मुद्दा. राज्य मुम्मुणीचें, काम पुरें झालें तें त्याच्या कारकीर्दींत, अधिकारी त्याचे. तरी वास्तु कोणाची म्हटली आहे? छित्तराजाची. ‘भवन’ या शब्दानें कोणी राजवाडा असा अर्थ घेतला, पण ज्या इमारतीच्या तुळईवर तो शब्द कोरला आहे ती शिवालय आहे, आणि देवाचें घर तेंही भवनच. तेव्हां थोरल्या भावानें आरंभिलेलें देऊळ धाकट्यानें तडीस नेलें आणि थोरल्याचें नांव कायम ठेविलें, हाच अर्थ सरळ दिसतो. राजेलोकांत ही गोष्ट वाटते तितकी साधी नव्हे. शिलाहारांच्याच घरांत पुढें काय झालें, तें नागार्जुनाचा पुत्र अनंतदेव याच्या शके १०१६ च्या खारेपाटण ताम्रपटावरून कळतें. मुम्मुणीच्या मागून भाऊबंदकी माजली, शत्रूंनीं कोंकण उध्वस्त केलें, आणि देवब्राह्मणांचे हाल झाले. अनंतदेवानें तें संकट निवारिलें, असा त्यांत मजकूर आहे. ज्या घरांत एका पिढीच्या आंत असे दिवस आले, तेथें मेलेल्या भावाचें नांव देवळावर राहूं देणारा राजा होऊन गेला, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे.

पुढें या वंशांत पहिल्या अपरादित्यासारखा विद्वान् राजा झाला. याज्ञवल्क्यस्मृतीवरील त्याची अपरार्क टीका काश्मीरपर्यंत मान्य झाली. शेवटचा राजा सोमेश्वर. देवगिरीच्या महादेव यादवानें त्याचा पाठलाग केला आणि समुद्रावरील युद्धांत तो बुडाला. त्याच्याबरोबर राज्य गेलें आणि हळूहळू स्मरणही गेलें. ठाण्यास दुसरे धनी आले, तिसरे आले. अंबरनाथास पांडव आले.

इ. स. १८६८ सालीं मुंबई सरकारनें प्राचीन वास्तूंचीं चित्रें व सांचे करविण्यासाठीं प्रथम हें देऊळ निवडलें. मुंबईच्या सर जमशेटजी जिजीभाई कलाशाळेंतील मंडळी तेथें गेली आणि रानांतल्या त्या दगडांचीं रेखाचित्रें कागदावर उतरलीं. याच काळांत लेखाकडे डॉ. भाऊ दाजी यांची नजर वळली.

गोमंतकांत जन्मलेल्या आणि मुंबईंत वाढलेल्या या पुरुषाचें चरित्र एका भाषणांत मावणारें नाहीं. ग्रँट मेडिकल कॉलेजांतून इ. स. १८५१ सालीं जी पहिली तुकडी उत्तीर्ण झाली तींत ते होते. गरिबांस फुकट औषध देणारे डॉक्टर, मुंबईचे दोनदां शेरीफ, भायखळ्याच्या वस्तुसंग्रहालयाच्या उभारणींतील प्रमुख गृहस्थ. त्या संग्रहालयास इ. स. १९७५ पासून त्यांचेंच नांव आहे. रोग्यांतून वेळ काढून त्यांनीं कालिदासाच्या आणि आर्यभटाच्या काळाविषयीं लिहिलें, आणि अजिंठ्याच्या लेण्यांतील लेख वाचले. अंबरनाथचा लेखही त्यांनीं वाचला, मुंबईच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या शाखेपुढें मांडला, आणि त्याचा शक ७८२, म्हणजे इ. स. ८६०, असा दिला.

आतां वाचन म्हटलें तर एवढेंच, पण त्यानें सगळा इतिहास अडला. शके ७८२ मानलें तर हें देऊळ राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्षाच्या काळांत जातें. त्या वेळीं कोंकणांत शिलाहार कपर्दी दुसरा राज्य करीत होता. कान्हेरीच्या लेण्यांत त्याच्या राज्यांतील शके ७९९ चा लेख आहे. मग त्याच्या मध्येंच हा माम्वाणि कोठून आला? आणि शके ९४८ मध्यें नाहूरचें शेत दान देणाऱ्या छित्तराजाचें भवन त्याच्या जन्माच्या पुष्कळ आधीं पुरें कसें झालें? दोन छित्तराज मानावे, कीं दोन माम्वाणि? एका अंकापायीं वंशावळींत नसलेलीं माणसें उभीं करण्याची वेळ येत होती.

हा अंक सुधारला तो डॉ. भाऊंच्याच शिष्यानें. पंडित भगवानलाल इंद्रजी हे जुनागडचे. त्यांचा जन्म इ. स. १८३९ सालचा. गिरनारच्या पायथ्याशीं अशोकाचा जो शिलालेख आहे, त्याच्या सावलींतच त्यांचें बालपण गेलें म्हटलें तरी चालेल. प्रिन्सेप साहेबानें लावलेली जुन्या लिपीची अक्षरमाला हातीं पडल्यावर या मुलानें ती शिळा स्वतः वाचावयास घेतली. इंग्रजी शिक्षण फारसें नव्हतें. ‘रासमाला’कार फार्ब्स साहेबांनीं त्यांची शिफारस डॉ. भाऊ दाजींकडे केली, आणि इ. स. १८६१ च्या सुमारास ते मुंबईस आले. तेव्हांपासून डॉ. भाऊंनीं खर्च द्यावा आणि भगवानलालांनीं हिंडावें, असें चाललें. लेण्यांत, रानांत, पडक्या देवळांत, नेपाळपर्यंत ते गेले. ठसे घेऊन आले. निबंध प्रसिद्ध होत ते डॉ. भाऊंच्या नांवानें. कोणी यावरून गुरूस दोष देतात. पण पदरच्या पैशानें एका अपरिचित तरुणास सुमारें तेरा वर्षें विद्येच्या मार्गावर चालविणारा धनी त्या काळीं दुसरा मुंबईंत होता कोण, हेंही विचारलें पाहिजे. आणि शिष्यानें तर तशी तक्रार मनांत धरली नाहीं, याचा पुरावा पुढें आहे.

डॉ. भाऊ इ. स. १८७४ सालीं वारले. त्यानंतर सोसायटीच्या त्याच नियतकालिकांत भगवानलालांनीं अंबरनाथच्या लेखाचें आपलें वाचन दिलें. शेंकड्याच्या स्थानचा अंक ७ नसून ९ आहे, म्हणून शक ९८२, म्हणजे इ. स. १०६०. दोनशें वर्षें एका रेघेंत सरकलीं, आणि सगळे तुकडे जागच्या जागीं बसले. छित्तराजाचा ताम्रपट इ. स. १०२६ चा, मुम्मुणीचा स्वतःचा ताम्रपट शके ९७१, म्हणजे इ. स. १०४९ चा, मग अकरा वर्षांनीं देऊळ पुरें. सोड्ढल कवीनें सांगितलेला तिघां भावांचा क्रमही जुळला. भूमिज शिखराचें कोडें सुटलें, कारण माळव्यांतील उदयेश्वर याच पिढींतला. कल्पनेंतले दुसरे छित्तराज आणि दुसरे माम्वाणि अंतर्धान पावले. पुढें महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशी यांनीं शिलाहारांचे सगळे लेख एकत्र करून इ. स. १९७७ सालीं जो मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यांतही हाच शक कायम आहे.

झिजलेल्या दगडावर ७ आणि ९ यांत फसगत होणें ही मोठी चूक नव्हे. प्रकाश एका बाजूनें पडला तर एक अंक दिसतो, दुसऱ्या बाजूनें पडला तर दुसरा. ज्यानें सर्वांच्या आधीं तुळईखालीं उभें राहून तीं अक्षरें लावलीं, त्याच्या श्रमावांचून मागच्यास सुधारावयास कांहीं उरलेंच नसतें. ही वालधुनी अंबरनाथ सोडून पुढें उल्हासनगरांतून वाहत जाते. लढाईच्या काळांतील लष्करी छावणीच्या जागेवर इ. स. १९४७ नंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांची वस्ती झाली, आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजीं गव्हर्नर-जनरल राजगोपालाचारी यांच्या हातून त्या नगराची कोनशिला बसली. तेथल्या पोरांस आपल्या गांवाचा जन्मदिवस तोंडपाठ सांगतां येतो. नदीच्या वरच्या अंगास असलेल्या देवळाचा दिवसही तसाच तिथीसह कोरलेला होता, पण तो सांगतां येण्यास आठशें वर्षें लागलीं.

भगवानलाल इ. स. १८८८ सालीं निवर्तले. तोंवर सोपाऱ्याच्या स्तूपाचें उत्खनन त्यांच्या हातून झालें होतें, हॉलंडांतील लायडन विद्यापीठानें त्यांस डॉक्टर ही पदवी दिली होती, आणि युरोपांतील पंडित त्यांच्या वाचनावर भिस्त ठेवीत होते. मृत्युपत्रांत त्यांनीं आपलीं जुनीं नाणीं व मथुरेचें सिंहशीर्ष लंडनच्या ब्रिटिश म्यूझियमला दिलें. आपल्या हस्तलिखित पोथ्या मात्र त्यांनीं मुंबईच्या सोसायटीस दिल्या, आणि त्या डॉ. भाऊ दाजींच्या संग्रहाशेजारीं ठेवाव्या, असें लिहून ठेविलें.